काचेच्या दाराबाहेरचा सभासद

सकाळपासून फोन थांबत नव्हता. ठेवला की पुन्हा वाजत होता. शेवटी आईने तो सोफ्यावरच्या उशीखाली कोंबला आणि उशीवर स्वतः बसली.

"अगं, एखादा महत्त्वाचा असेल," मी म्हटलं.

"सगळे एकच सांगताहेत. आज भोंग्याला सोडू नका. मला पाठ झालंय आता."

भोंगा म्हणजे आमच्या नगरपरिषदेतला खालच्या गावचा सभासद. तो माईकशिवाय बोलला तरी सभागृहाच्या खिडक्या थरथरायच्या, म्हणून हे नाव. ते बाबांनीच ठेवलं असं म्हणतात. बाबा परिषदेचे अध्यक्ष होते तेव्हा भोंगा बोलायला उठला की ते शिपायाला सांगायचे, "याचा माईक बंद ठेव रे, वीज वाचते." त्यावर सगळ्यांत मोठ्याने भोंगाच हसायचा आणि हसून झालं की बाबांना चांगलं झोडपायचा.

बाबा उन्हाळ्यात गेले. दुपारचं जेवण करून ते मागच्या अंगणात खुर्ची सावलीत ओढत होते, ते खुर्चीसकट खाली आले. आईने अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन केला. अ‍ॅम्ब्युलन्स आली नाही. अखेर शेजारच्या सुताराने आपली व्हॅन काढली, फळ्या एका बाजूला सरकवून बाबांना आडवं केलं, आणि हॉस्पिटलच्या फाटकातून गाडी आत वळत असताना बाबा गेले. मी त्या वेळी दुसऱ्या शहरात वर्गावर होते. हे सगळं मला लोकांनी सांगितलं, आणि सांगणाऱ्यांचं एका बाबतीत एकमत होतं. आमच्या दारात यायची ती गाडी त्या वेळी भोंग्याच्या दारात उभी होती. त्याच्या सासूबाईंच्या दिमतीला.

पुढे बाबांच्या जागेसाठी पोटनिवडणूक लागली, मला उभं केलं गेलं आणि मी निवडून आले. प्रचारात मला काही बोलावंच लागलं नाही. मी समोर गेले की लोक डोळे पुसायचे. आज माझी पहिली सभा होती आणि पहिलाच ठराव भोंग्याचं सभासदत्व रद्द करण्याचा होता.

मला तो ठराव मंजूर व्हायला हवा होता. किती हवा होता ते सकाळी केस विंचरताना कळलं. शाळेत बक्षीस समारंभाच्या दिवशी व्हायचं तसं अंगात वारं शिरलं होतं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मला भूक लागली होती. मी उभ्याउभ्या पावाचे तीन तुकडे खाल्ले.

वकीलकाका स्वयंपाकघराच्या दारानेच आत आले. बाबांचे जुने मित्र, परिषदेतले आमच्या बाजूचे नेते, आणि आजचा ठराव मांडणारे.

"झाली का वाघीण तयार?"

"वाघीण पाव खातेय," आई म्हणाली.

"खाऊ दे, खाऊ दे. आज ताकद लागणार आहे." काकांनी खुर्ची ओढली, पण ते बसले नाहीत, त्यांनाही बसवत नव्हतं. "हे बघ बेटा, सभासद काढून टाकायचा तर दोन तृतीयांश हात वर व्हावे लागतात. मी सगळ्यांशी बोललोय. बरोबर एक हात कमी पडतो. तो तुझा."

"मी बोलायचं काय?"

"काही नाही. उठायचं, एकदा बाबांच्या खुर्चीकडे बघायचं आणि बसायचं. बोलायला गेलं की माणूस चुकतो."

"बाबांच्या खुर्चीत मीच बसणार आहे, काका."

"मग टेबलाकडे बघ! आता बघण्यावरून वाद घालतेस का?"

मला हसू आलं. "आणि तो काय म्हणणार?"

"कोण?"

"भोंगा."

"तो कसा म्हणेल? तो बाहेर असेल की."

ही परिषदेची जुनी रीत. सभासदावर आरोप झाला की ठराव निकालात निघेपर्यंत त्याने सभागृहाबाहेरच्या बाकावर बसायचं. फार पूर्वी अशाच एका प्रसंगी आपल्याबद्दलचं वाईटसाईट त्या माणसाला समोर बसून ऐकावं लागू नये म्हणून कुणा भल्या गृहस्थाने त्याला बाहेर बसायची विनंती केली. हेतू दयेचा होता. पुढे तोच शिरस्ता झाला आणि कुणाला त्यात वावगं वाटेनासं झालं.

"भाऊजी, कोर्टात पण आरोपीला बाहेर बसवता का हो तुम्ही?" आईने विचारलं.

"वहिनी, कोर्टात वेळ लागतो," काका म्हणाले. "इथे आपल्याला निकाल हवाय."

उशीखाली फोन पुन्हा वाजायला लागला.

परिषदेच्या इमारतीसमोर जत्रा भरली होती. पायऱ्यांवर, कठड्यावर, सायकली लावायच्या लोखंडी नळ्यांवर माणसं बसली होती. एका फलकावर भोंग्याचं चित्र होतं, तोंडाच्या जागी कर्णा काढलेला. दुसऱ्यावर नुसतं लिहिलं होतं: "गाडी कुठे होती?" एक फुगेवालाही आला होता आणि त्याचा धंदा चांगला चालला होता.

"लेक आली! लेक आली!"

मला वाट करून देताना लोक माझ्या पाठीवर हात ठेवत होते. एका आजींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "आज त्याला पाणी पाज." असे शब्द मी एरवी ऐकून घेतले नसते. त्या दिवशी मी त्यांचे हात घट्ट दाबले. जिना मी जवळजवळ धावत चढले.

सभागृहात घोड्याच्या नालेच्या आकारात टेबलं मांडलेली होती आणि मधल्या मोकळ्या जागेत साक्षीदारासाठी एक साधी खुर्ची. बाबांच्या टेबलावरचा माईक खाली वाकलेला होता, त्यांच्या उंचीचा. तो कुणीच सरळ केला नव्हता. मी पण केला नाही. वरच्या सज्जात माणसं एकमेकांच्या मांडीवर बसायची बाकी होती. पहिल्या रांगेत आई होती, शेजारी सुतार.

भोंगा आला तेव्हा सज्जातून असा गलका उठला की आताच्या अध्यक्षबाईंना टेबलावरची घंटा सतत वाजवावी लागली. तो मला आठवत होता त्यापेक्षा बारीक झाला होता. आपल्या जागेकडे न जाता तो सरळ माझ्या टेबलाशी आला.

"बाळ," तो म्हणाला, इतक्या हळू की मला पुढे झुकावं लागलं, "तुझ्या बाबांचं..."

"बाहेर!" वकीलकाका मध्ये आले. "ते सगळं नंतर. बाहेर बसा."

शिपायाने काचेचं दार उघडलं. भोंगा व्हरांड्यात गेला आणि जिथे लोक ओल्या छत्र्या टेकवतात त्या बाकावर बसला. दार बंद झालं. काचेतून तो पूर्ण दिसत होता. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि आमच्याकडे बघत राहिला, आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसावं तसा.

काकांनी ठराव मांडला. खालच्या गावच्या सभासदाने पदाचा दुरुपयोग करून वरच्या गावासाठी असलेली अ‍ॅम्ब्युलन्स खाजगी कामाला नेली आणि त्यामुळे परिषदेच्या माजी अध्यक्षांचा मृत्यू झाला. सबब त्याचं सभासदत्व रद्द व्हावं. मग ते बोलायला लागले. काका काय बोलतात! त्यांनी बाबांना उभंच केलं समोर. ते कसे चालायचे, कुणाकुणाच्या घरी न सांगता जाऊन बसायचे, अंगणात शेवटच्या क्षणी त्यांचे कान कसे रस्त्याकडे लागले असतील. माझी छाती फुलली. आपल्या माणसाबद्दल कुणी असं बोलताना ऐकणं ही फार मोठी गोष्ट असते. सज्जात बायका उघडउघड रडत होत्या. कुणीतरी ओरडलं, "हात वर करा, कशाला वेळ घालवता!" मला तेच वाटत होतं. माझा उजवा हात टेबलावर होता आणि वर जायला शिवशिवत होता.

"साक्षीदार आहे माझ्याकडे," काका म्हणाले. "डोळ्यांनी पाहिलेला."

साक्षीदार म्हणजे दातांच्या डॉक्टरबाई होत्या. भोंग्याच्या घरासमोर त्यांनी नुकताच दवाखाना थाटला होता. त्या गावात नवीन होत्या. खुर्चीत ताठ बसून त्यांनी नीट, मोजक्या शब्दांत सांगितलं. दुपारची वेळ होती. एका पेशंटची दाढ भरत असताना खिडकीतून समोर अ‍ॅम्ब्युलन्स उभी दिसली. घरातून एका वयस्क बाईंना आणून तीत बसवलं. बाई स्वतःच्या पायांनी चालत होत्या.

"चालत होत्या!" काकांनी सज्जाकडे पाहून म्हटलं. "आणि गाडी नक्की तीच होती?"

"नक्की. दारावर मोठा आकडा होता. एक."

"एक नंबरची गाडी," काका सावकाश म्हणाले. "आमच्या वरच्या गावची एक नंबरची गाडी."

सज्जात आरोळी उठली. पाय आपटले गेले. अध्यक्षबाईंच्या घंटेचा आवाज त्यात बुडाला. माझा हात टेबलावरून उचलला गेला होता, आणि तो तसाच थांबला, कारण समोरच्या टेबलांवरचे चेहरे मला दिसले. सगळा सज्जा उसळला होता आणि सभासदांपैकी चार-पाच जण मान खाली घालून आपापली नखं बघत होते.

एक.

गावाला अ‍ॅम्ब्युलन्स दोन आहेत. पहिली वरच्या गावात उभी राहते, तिच्यावर एकचा आकडा. दुसरी आली ती खालच्या गावासाठी, आणि तिच्यावर दोन लिहायची वेळ आली तेव्हा खालच्या गावचे लोक हटून बसले. आम्ही का दोन नंबरचे? परिषदेत याच्यावर सभांमागून सभा झाल्या. भोंगा तेव्हा इतका ओरडला की त्याचा आवाज बसला. गाडी कोरीच उभी होती, कारण आकड्याशिवाय ती रस्त्यावर काढायची नाही असं ठरलं होतं. शेवटी बाबा उठले आणि म्हणाले, "दोन्हींवर एक लिहा आणि जेवायला चला." सभागृह हसून हसून लोळलं. ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हापासून दोन्ही गाड्या एक नंबरच्या आहेत, एकाच रंगाच्या, एकाच वळणाच्या आकड्याच्या. जुने लोक वरची एक आणि खालची एक म्हणतात. बाबांची ही करामत आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागायची. त्यांच्या शोकसभेतही काकांनी ती सांगितली होती आणि लोक डोळे पुसता पुसता हसले होते.

म्हणजे सभागृहातल्या प्रत्येकाला ती माहीत होती. माहीत नव्हती फक्त दातांच्या डॉक्टरबाईंना.

मी उठले. गलका एकदम थांबला. लोकांना वाटलं, आता ही टेबलाकडे बघणार.

"डॉक्टर," मी म्हटलं, आणि बाबांच्या वाकलेल्या माईकमध्ये मलाही वाकावं लागलं, "ती वरची एक होती की खालची एक?"

"म्हणजे?"

"एक नंबरच्या दोन गाड्या आहेत आपल्याकडे."

डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "दोन्हींवर एक?" त्या म्हणाल्या. "का?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बेटा, खाली बस," काका ओठ न हलवता म्हणाले.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," डॉक्टरबाईंचा चेहरा लाल झाला होता. "कोणती ते मी नाही सांगू शकत. मी आकडा पाहिला तेवढं खरं."

"तुम्ही खरंच सांगितलंत," मी म्हटलं. माझं काळीज आता वेगळ्याच कारणाने उडत होतं. एखादं पुस्तक वाचताना अचानक उलगडतं की आपण आतापर्यंत भलत्याच माणसामागे धावत होतो, तेव्हा पानं भराभर उलटावीशी वाटतात, तसं. फक्त इथे मला तो माणूस भलता ठरायला नको होता. तो दोषी निघाला तर माझ्या रागाला एक पत्ता मिळाला असता. "अध्यक्षबाई, मतदानाआधी त्यांना आत बोलवा. त्यांना विचारू या."

"तशी रीत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग माझा हात वर होणार नाही."

सज्जातून कुणीतरी ओरडलं, "ए बाई, बाप कुणाचा गेला?"

"माझा," मी वर न बघता म्हटलं.

काका माझ्या टेबलापाशी आले आणि कानाशी लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "काय चाललंय तुझं? अगं, त्या आकड्याचा घोळ निघाला तर तो कुणाच्या गळ्यात पडेल? त्याच्या नव्हे. तुझ्या बाबांच्या! मेलेल्या माणसाची शोभा करायचीय का तुला?"

मला ते दिसत होतं. उठतानाच दिसलं होतं.

"बाबा असते तर त्यांनीच सांगितलं असतं, काका."

"तो असता तर हे झालंच नसतं!" काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. तेव्हा मला कळलं की ते नाटक करत नव्हते. त्यांचाही मित्र गेला होता.

माझ्या हाताशिवाय ठराव पडणार होता. समोरच्या टेबलांवर खुसफुस झाली, कुणी खांदे उडवले. शेवटी अध्यक्षबाईंनी डॉक्टरबाईंना खुर्चीतून उठवलं आणि शिपायाला खूण केली. शिपाई जन्मात पहिल्यांदाच ठराव निकालात निघण्याआधी ते दार उघडत असावा. त्याने आधी बाहेरच्या बाजूला ढकललं, मग आत ओढलं.

भोंगा उठला. आत काय झालं याची त्याला कल्पना नव्हती. निकाल लागला असं समजून त्याने कॉलर नीट केली आणि एखाद्या परीक्षार्थीसारखा येऊन साक्षीदाराच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"तुम्हाला काही सांगायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सांगायचंय?" त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली. माईक त्याच्यापासून लांब होता, आणि तो इतका हळू बोलला की वरून "मोठ्याने!" असा ओरडा झाला. त्याला कुणी मोठ्याने बोल म्हणण्याची ही पहिलीच वेळ असणार. "सांगेन की. पण आधी मला एक सांगा. माझ्यावर आरोप काय आहे?"

"काय नाटक करतो बघा!"

"नाटक नाही. भिंतीवर वाचलंय. बायकोने बाजारात ऐकलंय. पोराला शाळेत चिडवलंय. पण परिषदेने मला कधी काय विचारलंय? तुम्ही ठराव वाचता तेव्हा मी छत्र्यांपाशी असतो."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं. "वाचा," त्या म्हणाल्या.

काकांनी ठराव पुन्हा वाचला. मघाशी हाच मजकूर त्यांच्या तोंडून घणासारखा पडला होता. आता तो माणूस हाताच्या अंतरावर उभा होता आणि "त्यामुळे माजी अध्यक्षांचा मृत्यू झाला" हे शब्द वाचताना काकांनी कागद तोंडासमोर धरला.

भोंग्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "गाडी माझ्या दारात होती. खरं आहे. खालची एक. सासूबाई छातीला हात लावून ओरडत होत्या. नंतर कळलं, पोटात वारा धरला होता. पण तेव्हा त्या ओरडत होत्या, मी ओरडत होतो. आमच्याकडे सगळेच ओरडतात."

एकदोघे हसले. मलाही हसू फुटणार होतं आणि त्या हसण्याचा मला राग आला.

"गाडी फोन करून मागवली होती?" मी विचारलं. "फायर स्टेशनवर?"

तिथेच अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन असतो. तिथला टेलिफोनवाला गाड्या पाठवतो. भोंग्याने माझ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलू शकला असता. त्या क्षणी ते पडताळून बघणारं कुणी तिथे नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "ड्रायव्हरला थेट सांगितलं. ओळखीचा आहे."

सभागृहात असा भडका उडाला की मला वाटलं सज्जा खाली येणार. "थेट! थेट!" काकांनी दोन्ही हात वर केले. "आता आणखी काय हवंय?" म्हणजे तो होताच की यात. टेलिफोनवाल्याला न सांगता गाडी नेली होती, तीही वारा धरलेल्या पोटासाठी. हात वर कर, माझं सगळं अंग म्हणत होतं, आता कर.

"त्याची शिक्षा द्या!" भोंगा ओरडला, आणि आता तो खरा भोंगा होता, खिडक्या वाजल्या. "ती चूक माझी. तिची काय ती शिक्षा द्या, मी घेतो! पण वरची एक कुठे होती? ती तर माझ्याकडे नव्हती. ती का गेली नाही अध्यक्षांकडे? विचारलंत कुणी तिच्या ड्रायव्हरला? ह्या माणसाने..." त्याने बाबांच्या टेबलाकडे, म्हणजे माझ्याकडे बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं. "मी त्याच्याशी आयुष्यभर भांडलो. तो गेला तेव्हा मला दारापर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही तुम्ही."

तो खुर्चीत बसला. कुणी बस म्हटलं नव्हतं.

मी बोलले ते थोडकंच होतं. त्या दिवशी वरची एक कुठे होती ते इथे कुणाला माहीत नाही. खालची एक फोनशिवाय नेली गेली हे आता माहीत आहे. दोन गाड्यांना एकच आकडा देण्याची सूचना माझ्या वडिलांची होती आणि ती या सभागृहाने टाळ्या वाजवून घेतली होती. या तिन्हींपैकी कशाने ते गेले, की कशानेही नाही, हे मला कळून घ्यायचं आहे. दोन्ही ड्रायव्हरांना आणि टेलिफोनवाल्याला इथे बोलवा, आरोप यांच्यासमोर चालवा, आणि मग मला हात वर करायला सांगा. तेव्हा करीन, करायचा असेल तर.

ठराव पुढे ढकलण्याला किती हात वर होतील याची खात्री नव्हती. आधी नखं बघणाऱ्यांपैकी एकाचा हात वर गेला. मग दुसऱ्याचा. खालच्या गावचे सगळे. मग अध्यक्षबाईंनी स्वतःचा हात वर केला आणि ठराव पुढे ढकलल्याची घंटा वाजवली.

काकांनी कागद घडी करून खिशात घातले. माझ्याजवळून जाताना थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला आणि न ठेवताच निघून गेले.

बाहेर पायऱ्यांवर मघाची वाट आता कुणी करून दिली नाही. मला ती खांद्याने काढावी लागली. "विकली गेली," कुणी म्हणालं. "शिकलेल्या मुलींचं हेच," दुसरं कुणी. पाण्याबद्दल बोललेल्या आजींनी तोंड फिरवलं. आणि तरी माझ्या पायांना स्वस्थता नव्हती, मघासारखंच वारं अंगात होतं. आता कुणाला तरी खरंच विचारलं जाणार होतं.

खाली फाटकापाशी आई उभी होती. सुतार तिच्यापासून जरा लांब, आपल्या व्हॅनला टेकून. आईचा चेहरा पाहून मला वाटलं, ही आता मला बोलणार.

"त्या टेलिफोनवाल्याला बोलावणार ना?" तिने विचारलं.

"हो. पुढच्या सभेत."

"मला पण बोलवा."

"तू कशाला, आई? तू फोन केलास हे सगळ्यांना..."

"मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, एक निघाली आहे, बाई." आई रस्त्याकडे बघत बोलत होती. "कोणती एक, मी विचारलं नाही. इतकी वर्षं आपणच ती गंमत सांगत होतो, आणि मी विचारलं नाही. हा सुतार किल्ली घेऊन दारात उभा होता. काढू का व्हॅन, म्हणत होता. दोनदा म्हणाला. मी त्याला म्हटलं, थांब, गाडी निघालीये."

मी तिचा हात धरला. तो गार होता.

"भोंग्याचं नाव आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "आज तो काचेपलीकडे बसलेला दिसत होता वरून. सारखा चष्मा पुसत होता." ती थांबली. आमच्या बाजूने लोक जात होते, काही वळून बघत होते, आणि आईने आवाज जराही खाली केला नाही. "मी तिथे सांगायला उभी राहिले, तर माझं पूर्ण ऐकून घेतील ना? मधेच ओरडणार नाहीत?"

"ओरडतील," मी म्हटलं. "पण ऐकल्याशिवाय काही ठरवू देणार नाही मी."

"मग झालं," आई म्हणाली, आणि सुताराला हाक मारून, त्यालाही यावं लागेल, हे सांगायला त्याच्याकडे भराभर चालत गेली.